कौटुंबिक मध्यस्थीला पैसे किती लागतात आणि मोफत वकील कोणाला मिळतो

नवरा-बायकोच्या वादात मध्यस्थाची फी किती, याचं उत्तर महाराष्ट्रातल्या बहुतेकांसाठी 'काहीही नाही' असं आहे. कौटुंबिक न्यायालयातला विवाह समुपदेशक फुकट असतो, न्यायालयाने पाठवलेल्या मध्यस्थी केंद्रात पक्षकाराला फी भरावी लागत नाही आणि बाईला तर उत्पन्नाचा दाखला न देता सरकारी खर्चाने वकील मिळतो. तरीही लोकांचे पैसे जातात, कारण ते चुकीच्या क्रमाने पावलं टाकतात. आधी ओळखीच्या वकिलाला ॲडव्हान्स दिला जातो, मग पाचशेचा स्टॅम्प, मग नोटरी, आणि शेवटी हातात असा कागद उरतो की ज्याला न्यायालयात काही किंमत नसते. हा लेख त्या क्रमाबद्दल आहे. पहिल्यांदाच या वाटेवर आलेल्यांसाठी तो लिहिला आहे, मग तुम्ही दावा करणार असा किंवा तुमच्या हातात समन्स पडलेलं असो.

आधी तीन वेगळ्या खोल्या ओळखा

न्यायालयाच्या आवारात 'समेट करायला पाठवलंय' असं सांगतात तेव्हा त्याचा अर्थ तीनपैकी एक असतो.

पहिला, विवाह समुपदेशक. कुटुंब न्यायालय अधिनियम १९८४ च्या कलम ९ प्रमाणे तडजोडीचा प्रयत्न करणं हे न्यायालयाचं कर्तव्यच आहे आणि कलम ६ प्रमाणे समुपदेशक त्यासाठी नेमलेले असतात. ते पगारी असतात. त्यांना एक रुपयाही द्यायचा नसतो. ते दोघांशी वेगवेगळं आणि एकत्र बोलतात, नांदणं शक्य आहे का ते पाहतात, मुलांशीही बोलू शकतात.

दुसरा, मध्यस्थ. हा बहुधा ४० तासांचं प्रशिक्षण घेतलेला वकील किंवा न्यायाधीश असतो आणि जिल्हा न्यायालयाच्या मध्यस्थी केंद्रात बसतो. तो निकाल देत नाही, कोणाचं चुकलं हेही ठरवत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८९ खाली न्यायाधीश प्रकरण त्याच्याकडे पाठवतात. नांदायचं नसेल, पण पोटगी, मुलांचा ताबा, दागिने, घर यांचा हिशेब मिटवायचा असेल, तर खरी जागा ही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये के. श्रीनिवास राव प्रकरणात वैवाहिक वाद मध्यस्थीकडे पाठवण्यावर भर दिला, तेव्हापासून आपण होऊन मागितलं तर सहसा नाही म्हणत नाहीत.

तिसरी, लोकअदालत. इथे झालेली तडजोड 'निवाडा' होते, त्याला दिवाणी हुकूमनाम्याची (न्यायालयाच्या अंतिम निर्णयाची) ताकद असते आणि त्यावर अपील नसतं. पण घटस्फोट लोकअदालतीत मिळत नाही. पोटगी, नांदायला येणं-नेणं, मुलांच्या भेटी एवढंच तिथे मिटवा.

यात चौथी खोली मिसळू नका. पोलिसांच्या महिला कक्षात किंवा भरोसा सेलमध्ये समजूत घालतात, तीही फुकट असते आणि कधी कधी उपयोगीही पडते. पण तिथे लिहून घेतलेला जबाब किंवा समझोता म्हणजे न्यायालयाचा हुकूम नव्हे. नवऱ्याने तिथे 'दर महिन्याला पाच हजार देईन' असं लिहून दिलं आणि दिले नाहीत, तर त्या कागदावर वसुलीची दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, लावता येत नाही. स्टॅम्पपेपरवर नोटरीसमोर घेतलेली फारकत तर त्याहून धोक्याची. हिंदू विवाह कायद्याखाली लग्न झालेलं असेल आणि समाजात रूढीने सिद्ध झालेली सोडचिठ्ठी नसेल, तर त्या कागदाने लग्न मोडत नाही. त्यावर भरवसा ठेवून दुसरं लग्न केलं तर द्विभार्या किंवा द्विपतीचा गुन्हा अंगावर येतो.

कौटुंबिक न्यायालय सगळीकडे नाही. मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक अशा शहरांत आहे. नसेल तिथे घटस्फोटाचं प्रकरण दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्याकडे आणि पोटगीचा फौजदारी अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातो. तिथे पगारी समुपदेशक नसतो, पण मध्यस्थीला पाठवण्याचा अधिकार न्यायाधीशांना असतोच.

पैसे खरोखर कुठे लागतात

न्यायालयाने पाठवलेल्या मध्यस्थीत मध्यस्थाचं मानधन विधी सेवेच्या, म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या, व्यवस्थेतून दिलं जातं. मध्यस्थीच्या नियमांतच अशी तरतूद आहे की एखादा पक्षकार मोफत कायदेशीर मदतीला पात्र असेल, तर त्याच्या वाट्याची मध्यस्थाची फी आणि खर्च विधी सेवा प्राधिकरणाने भरायचा. म्हणून बैठकीच्या खोलीत कोणी 'साहेबांचं मानधन' म्हणून रोख मागितलं तर देऊ नका. पावती मागा आणि त्याच दिवशी केंद्राच्या समन्वयकाला किंवा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना सांगा.

न्यायालयाबाहेर स्वतः निवडलेला खासगी मध्यस्थ मात्र फी घेतो. त्याचा ठरलेला सरकारी दर नाही. जायचंच असेल तर पहिल्या बैठकीआधी चार गोष्टी लेखी घ्या: फी तासाची की बैठकीची, दोघांनी निम्मी-निम्मी भरायची की एकाने, आयत्या वेळी बैठक रद्द झाली तर किती कापणार, आणि समझोत्याचा मसुदा लिहिण्याचे पैसे त्यातच की वेगळे. तिथे सगळं जुळलं तरी घटस्फोटाचा हुकूमनामा न्यायालयातूनच घ्यावा लागतो. तो खर्च पुढे उभाच असतो.

कोर्ट फीबद्दल बायकांनी एक गोष्ट पाठच करून ठेवावी. महाराष्ट्र शासनाच्या १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने पोटगी, घटस्फोट, हिंसाचार आणि मालमत्तेच्या वादात महिलांना कोर्ट फी माफ आहे. मालमत्तेच्या बाबतीत ती संसारातून उद्भवलेल्या वादांपुरती धरली जाते, भावकीतल्या जमिनीच्या दाव्याला नाही. अर्जाच्या पहिल्या पानावर 'महिला पक्षकार, कोर्ट फी माफ' असं लिहायला वकिलाला सांगा.

उरतो तो ये-जा, बुडालेला रोज, झेरॉक्स, आणि घर नावावर करायचं असेल तर मुद्रांक व नोंदणी. मोफत कायदेशीर मदतीत प्रवासखर्च धरू नका. तारखेला लांबून यावं लागत असेल तर मध्यस्थाला व्हिडिओ कॉलवर बैठक घेण्याची विनंती करता येते. निदान पहिल्या ओळखीच्या बैठकीनंतरच्या बैठकांसाठी ती जरूर करा.

आणखी एक दार आहे, जे फार थोडे जण ठोठावतात. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली ज्याचं उत्पन्न पुरेसं नाही तो, मग नवरा असो की बायको, दुसऱ्याकडून तात्पुरती पोटगी आणि दाव्याचा खर्चसुद्धा मागू शकतो. नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत हा अर्ज निकालात काढावा असं कायदा म्हणतो. मध्यस्थी सुरू आहे म्हणून हा अर्ज मागे ठेवू नका. 'बोलणी चालू आहेत' या सबबीखाली घरात वर्षभर एक पैसा येत नाही, असं सर्रास होतं. मध्यस्थीला होकार द्या, पण तात्पुरत्या पोटगीवर आदेश मागा. दोन्ही एका वेळी चालतं.

मोफत वकिलाला कोण पात्र

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७, कलम १२. यातले बहुतेक गट उत्पन्नाशी बांधलेले नाहीत, हे आधी लक्षात घ्या.

महिला आणि मुलं: उत्पन्न कितीही असो. शिक्षिका, परिचारिका, बँकेतली कर्मचारी, स्वतःचं घर असलेली, कोणीही. 'तुमचा पगार जास्त आहे' म्हणून बाईचा अर्ज परत करणं कायद्याला धरून नाही. माहेरची सुबत्ता किंवा नवऱ्याचा पगार हा तर प्रश्नच येत नाही.

अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, मानवी तस्करी किंवा वेठबिगारीला बळी पडलेली व्यक्ती, कोठडीत किंवा संरक्षणगृहात असलेली व्यक्ती, पूर-दुष्काळ-भूकंप किंवा जातीय अत्याचाराची झळ बसलेली व्यक्ती: इथेही उत्पन्नाची अट नाही. त्या गटाचा पुरावा लागतो.

या कशातच न बसणारा पुरुष: वार्षिक उत्पन्न महाराष्ट्रात ३ लाख रुपयांपेक्षा कमी असेल तर पात्र. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात असेल तर ही मर्यादा ५ लाख आहे.

उत्पन्नाच्या दाखल्यावर पुष्कळ अर्ज विनाकारण अडकतात. तहसीलदाराचा दाखला बहुधा पूर्ण कुटुंबाचा असतो. वडिलांची शेती, भावाचा पगार धरून तो साडेचार लाखांचा निघतो आणि महिना २० हजार कमावणारा मुलगा अपात्र ठरल्यासारखा दिसतो. कायदा बोलतो तो अर्ज करणाऱ्याच्या उत्पन्नाबद्दल. शिवाय कलम १३ प्रमाणे उत्पन्नाबद्दल अर्जदाराने केलेलं प्रतिज्ञापत्र पुरेसं मानता येतं, ते खोटं वाटण्यासारखं कारण असेल तेव्हाच जास्त पुरावा मागायचा. म्हणून दाखला कुटुंबाचा असेल, तर सोबत स्वतःच्या उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र आणि तीन महिन्यांच्या पगारपावत्या किंवा बँकेचा उतारा जोडा. हे प्रतिज्ञापत्र साध्या कागदावर चालतं. न्यायालयात किंवा सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क माफ आहे. कोर्टाबाहेरचा टायपिस्ट ५०० चा स्टॅम्प घ्यायला लावतो, तो या कामासाठी लागत नाही.

पात्रतेखेरीज एकच अट उरते: प्रथमदर्शनी तुमच्या म्हणण्यात तथ्य दिसलं पाहिजे. कौटुंबिक प्रकरणात ही अट सहसा आडवी येत नाही. समन्स आलेलं असेल तर बचाव करण्याचं कारण समन्समध्येच असतं.

नवरा आणि बायको दोघांनाही मोफत वकील मिळू शकतो. ते वेगवेगळे असतात. 'समोरच्याने आधी अर्ज केला, आता मला नाही मिळणार' हा गैरसमज सोडा.

अर्ज कसा करायचा

तालुक्याला तालुका विधी सेवा समिती, जिल्ह्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. दोन्ही न्यायालयाच्या इमारतीतच असतात. गेटवरच्या पोलिसाला 'विधी सेवा कार्यालय कुठे' एवढं विचारलं तरी पुरे. जाणं शक्य नसेल तर १५१०० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करता येतो, नालसाच्या (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावरून ऑनलाइन अर्जही भरता येतो. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा, तिथला कर्मचारी किंवा विधी स्वयंसेवक लिहून घेतो.

कुठल्या जिल्ह्यात? जिथे प्रकरण चालू आहे किंवा चालवायचं आहे तिथे. बायको घटस्फोट मागणार असेल तर ती सध्या राहते त्या ठिकाणीही दावा करू शकते, पोटगी आणि घरगुती हिंसाचाराच्या अर्जालाही तेच लागू आहे. माहेरी परत आलेल्या बाईने सासरच्या जिल्ह्यात खेटे घालायचं कारण नाही.

सोबत न्यायचं: आधार कार्ड, राहत्या पत्त्याचा पुरावा, लग्नाचा दाखला (नसेल तर पत्रिका आणि एक फोटो चालतो), मुलांचे जन्मदाखले, आलेली नोटीस किंवा समन्स, आधीच्या कुठल्याही तक्रारीची प्रत, आणि तुम्ही ज्या गटातून पात्र आहात त्याचा कागद. बाईला या शेवटच्या कागदाची गरज नाही, आधारवर लिंग लिहिलेलं असतं. प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स काढा आणि मूळ कागद कोणाकडेही ठेवून येऊ नका.

अर्जात कादंबरी लिहू नका. पुढच्या तारखेचा उल्लेख सर्वांत वर हवा, कारण वकील किती तातडीने द्यायचा हे त्यावरून ठरतं. नमुना असा:

'मा. सचिव, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण यांस. पुढील तारीख: १८ जून. माझे लग्न २०१९ मध्ये झाले. एक मुलगा, वय ४, माझ्याजवळ आहे. मी मागील १४ महिने माहेरी राहते. पतीने घटस्फोटाचा दावा केला असून समन्स सोबत जोडले आहे. मला त्यात उत्तर देण्यासाठी, स्वतःच्या व मुलाच्या पोटगीसाठी अर्ज करण्यासाठी आणि मध्यस्थीसाठी वकील हवा आहे. मी महिला असल्याने कलम १२ प्रमाणे पात्र आहे. या प्रकरणात मी खासगी वकील नेमलेला नाही.'

शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. एकीकडे मोफत वकील घेऊन दुसरीकडे खासगी वकिलाचं वकीलपत्र दाखल केलं, की मदत काढून घेतली जाते. खोटी माहिती दिली, वकिलाला सहकार्य केलं नाही, तरीही तेच होतं. आधीच खासगी वकील असेल आणि तो परवडत नसेल, तर त्याची 'ना हरकत' घेऊन मग अर्ज करा.

अर्ज दिला की आवक क्रमांक घ्या. नियमाप्रमाणे निर्णय लगेच, जास्तीत जास्त ७ दिवसांत व्हायला हवा. तारीख त्याआधी असेल तर न्यायालयात स्वतः उभं राहून 'विधी सेवेकडे अर्ज दिला आहे, वकील मिळेपर्यंत मुदत द्यावी' असा दोन ओळींचा अर्ज आवक क्रमांकासह द्या. गैरहजर राहणं हीच या टप्प्यावरची सर्वांत महाग चूक आहे, कारण दावा एकतर्फी चालतो आणि तो हुकूम नंतर उलटवायला कितीतरी कष्ट पडतात. अर्ज नामंजूर झाला तर कारण लेखी मागा आणि प्राधिकरणाच्या अध्यक्षांकडे अपील करा. जिल्ह्यात अध्यक्ष म्हणजे प्रमुख जिल्हा न्यायाधीश.

वकील मिळाल्यावर

या मदतीत वकिलाची फी, कोर्ट फी, समन्स बजावणीचा खर्च, कागदपत्रं तयार करणं, भाषांतर, आदेशाच्या सही-शिक्क्याच्या नकला हे सगळं येतं. पॅनेलवरच्या, म्हणजे प्राधिकरणाच्या यादीतल्या, वकिलाने पक्षकाराकडून पैसे घेणं नियमाने मना आहे, अगदी 'टायपिंगचे' म्हणूनही. मागितले तर वाद घालू नका, सचिवांना लेखी द्या आणि वकील बदलून मागा. वकील फोन उचलत नाही, तारखेला येत नाही, यासाठीही हाच मार्ग. मोफतचा वकील कामचुकारच असतो हा समज अन्यायकारक आहे, पण ज्या पक्षकाराची फाइल नीट लावलेली असते त्याचं काम जास्त नेटाने होतं हेही खरं. एक फाइल करा: तारखांचा कागद वर, मग कालक्रमाने कागदपत्रं, मागे खर्चाची यादी.

ही खर्चाची यादी मध्यस्थीत सोन्याच्या मोलाची ठरते. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी रजनेश विरुद्ध नेहा प्रकरणात पोटगीच्या वादात दोघांनीही मालमत्ता आणि देण्याघेण्याचं प्रतिज्ञापत्र द्यायचं ठरवून दिलं आहे. ते मध्यस्थीच्या आधी भरून तयार ठेवा. शाळेची फी, रिक्षा, औषधं, किराणा, घरभाडं यांचे आकडे समोर असले की 'मुलाला किती लागतात' यावर तासभर भांडण होत नाही.

मध्यस्थीच्या खोलीत

न्यायाधीशांनी आदेश केला की केंद्रातून तारीख मिळते. पहिल्या बैठकीला दोघांनी स्वतः यायचं असतं. आई-वडील, मामा, भाऊ बाहेर बसतात, मध्यस्थाने बोलावलं तरच आत. साधारण ६० दिवसांची मुदत असते, न्यायालयाच्या परवानगीने ती आणखी ३० दिवस वाढते. लागोपाठ गैरहजर राहिलात तर मध्यस्थ प्रकरण 'असफल' म्हणून परत पाठवतो.

मध्यस्थ आधी दोघांना एकत्र बसवतो, मग एकेकट्याशी बोलतो. एकट्याने सांगितलेली गोष्ट तुम्ही परवानगी दिल्याशिवाय तो पलीकडे सांगत नाही. न्यायाधीशांकडे जाणारा अहवालही दोन ओळींचा असतो: समझोता झाला, किंवा झाला नाही. कोण काय बोललं, कोणी किती रकमेला तयारी दाखवली, यातलं काही त्यात येता कामा नये, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मोती राम प्रकरणात स्पष्ट केलं आहे. त्यामुळे आकड्यांवर मोकळेपणाने बोला. एकच सावधगिरी बाळगा: मुलाबद्दल समुपदेशकाने दिलेला अहवाल न्यायालय ताब्याच्या प्रश्नात पाहू शकतं, तिथे ही गुप्तता तशीच लागू होत नाही.

मारहाण झालेली असेल, धमक्या चालू असतील, तर ते पहिल्याच मिनिटाला सांगा. समोरासमोर न बसता वेगवेगळ्या खोल्यांतून बोलणी करता येतात, वेगवेगळ्या वेळी ये-जा ठेवता येते. संरक्षण आदेश मिळालेला असेल तर मध्यस्थी सुरू झाल्याने तो संपत नाही. भीतीपोटी होकार द्यायची वेळ आली तर मध्यस्थी थांबवण्याचा तुम्हाला हक्क आहे आणि थांबवल्याने प्रकरण कमजोर होत नाही. तातडीच्या वेळी ११२, महिलांसाठी १८१.

समझोता लिहिताना

इथे सगळ्यांत जास्त वेळ द्या. बोलणी तीन बैठकांत होतात, पण पुढची दहा वर्षं या कागदावर काढायची असतात. दोन कलमं शेजारी ठेवून पाहा.

'पती पत्नीस योग्य ती रक्कम वेळोवेळी देईल व मुलास भेटू शकेल.'

'पती पत्नीस एकरकमी ६,००,००० रुपये कायम पोटगी म्हणून देईल. त्यापैकी २,००,००० पहिल्या अर्जाच्या दिवशी, २,००,००० दुसऱ्या जबाबाच्या दिवशी, उरलेले २,००,००० फौजदारी गुन्हा रद्द झाल्याच्या दिवशी, डिमांड ड्राफ्टने. मुलाच्या पोटगीचे ८,००० रुपये दरमहा ५ तारखेपर्यंत आईच्या खात्यात, दरवर्षी एप्रिलमध्ये १० टक्के वाढ. वडील मुलास दुसऱ्या व चौथ्या रविवारी सकाळी १० ते संध्याकाळी ६ या वेळेत घेऊन जातील व आणून सोडतील.'

पहिल्या कलमावर कुठलंही न्यायालय वसुली करू शकत नाही. योग्य म्हणजे किती आणि वेळोवेळी म्हणजे केव्हा, यावर नवीन भांडण उभं राहतं. दुसऱ्यातली प्रत्येक गोष्ट मोजता येते.

आईने स्वतःची पोटगी सोडली तरी मुलाची सोडू नये. तो हक्क मुलाचा आहे. दागिन्यांची यादी ग्रॅममध्ये लिहा: 'मंगळसूत्र १५ ग्रॅम, पाटल्या २ नग २० ग्रॅम', कोणाकडे आहेत आणि कुठल्या दिवशी परत मिळणार. 'सर्व स्त्रीधन मिळाले' या वाक्याखाली सही करायची ती डबा उघडून मोजल्यावरच.

दोघांमधली सगळी प्रकरणं क्रमांकासह लिहा आणि प्रत्येकाचं काय करायचं ते लिहा. यात एक खड्डा आहे. छळाचा गुन्हा, म्हणजे भारतीय दंड संहितेचं जुनं कलम ४९८-अ आणि आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८५, बायकोने 'मागे घेतला' म्हणून संपत नाही. तो उच्च न्यायालयातूनच रद्द करून घ्यावा लागतो. म्हणून याचिका कोण करणार, खर्च कोणाचा, बायको संमतीचं प्रतिज्ञापत्र कधी देणार आणि शेवटचा हप्ता त्याच दिवशी कसा मिळणार, हे एका कलमात बांधा. हे नसेल तर एकाचे पैसे अडकतात किंवा दुसऱ्याच्या डोक्यावर गुन्हा राहतो.

घर नावावर करायचं ठरलं असेल तर समझोत्यातली ओळ पुरत नाही, नोंदणीकृत दस्त लागतो. पती-पत्नीमधल्या राहत्या घराच्या बक्षीसपत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, स्थानिक अधिभार वेगळा लागू शकतो. पण ही सवलत पती-पत्नीला आहे, घटस्फोट झाल्यावर नातं उरत नाही. त्यामुळे दस्त हुकूमनाम्याच्या आधी नोंदवा. घरावर कर्ज असेल तर बँकेची लेखी संमती आधी घ्या, नाहीतर घर एकाचं आणि हप्ता दुसऱ्याचा अशी अवस्था होते.

सहमतीने घटस्फोट घेत असाल, तर किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं आणि पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं. दीड वर्षाहून जास्त काळ वेगळे असाल, समेटाचे प्रयत्न फसले असतील आणि पोटगी-ताबा सगळं मिटलेलं असेल, तर २०१७ च्या अमरदीप सिंग निकालाच्या आधारे हे सहा महिने माफ करण्याचा अर्ज देता येतो. मध्यस्थी केंद्राचा समझोता त्या अर्जाला जोडा.

सही करण्यापूर्वी मसुदा मराठीत मागा. प्रत्येक पानावर दोघांची सही हवी, खाडाखोडीजवळही. मग तो न्यायाधीशांसमोर पुरसीससह (न्यायालयाला द्यायच्या लेखी निवेदनासह) दाखल होतो. न्यायाधीश दोघांना विचारतात, हे वाचलं का, कोणाच्या दबावाखाली नाही ना. मनात शंका असेल तर बोलायची ती शेवटची जागा. संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर अपील नाही.

कबूल केलेले पैसे थकले तर

हुकूमनाम्याची सही-शिक्क्याची नक्कल निकालाच्याच आठवड्यात अर्ज करून काढा, दोन प्रती. पैसे थांबले की त्याच न्यायालयात दरखास्त लावता येते आणि तिच्यासाठीही मोफत वकील मिळतो, नवा अर्ज करून. दंडाधिकाऱ्यांनी किंवा कौटुंबिक न्यायालयाने फौजदारी तरतुदीखाली (जुनं कलम १२५, आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४) दिलेल्या मासिक पोटगीच्या थकबाकीला वेगळा नियम आहे: रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो. 'सगळे एकदम मागू' म्हणून दोन वर्षं थांबलात तर पहिल्या वर्षाचे महिने या वाटेने हातचे जातात. तीन महिने थकले की अर्ज टाका, आणि बँकेच्या पासबुकाची प्रत दर महिन्याच्या ६ तारखेला भरून घ्या. पैसे आले नाहीत याचा पुरावा तेच पान असतं.